पाय तोच, पट्टी वेगळी

समजा, आन्ना नावाची एक बाई आहे. वय चाळीस, म्युनिकमधल्या एका हॉटेलात स्वयंपाकी. अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. जखम भरली, कृत्रिम पाय बसला, हळूहळू ती चालायला लागली. आन्ना कल्पनेतली आहे, पण तिच्या निमित्ताने पुढे जे नियम येतील ते सगळे खरे आहेत. प्रश्न एवढाच, की तिला अपंगत्व किती?

आपल्याला वाटतं, यात काय विचारायचं, डॉक्टरांचं काम आहे. पाय कुठून गेला, उरलेला भाग कसा आहे ते बघायचं आणि आकडा लिहायचा. युरोपात मात्र याचं उत्तर आन्ना कुठल्या देशात राहते यावर ठरतं. जर्मनी तिला तक्त्यातून काढलेला एक आकडा देईल. ब्रिटन विचारेल, किती मीटर चालतेस? नेदरलँड्स विचारेल, आधी पगार किती होता? आणि स्वीडन विचारेल, आठवड्याला किती तास दुसऱ्याची मदत लागते?

जर्मनीपासून सुरुवात करू, कारण आपल्या सरकारी दवाखान्यातल्या बोर्डाची सवय असलेल्या माणसाला तिथली पद्धत सगळ्यात ओळखीची वाटेल. तिथे ‘ग्राड डेर बेहिंडरुंग’ नावाची मोजणी आहे, म्हणजे अपंगत्वाची पातळी. ती २० पासून १०० पर्यंत, दहादहाच्या टप्प्यांनी. कायद्याच्या भाषेत हा टक्का नाही, नुसता अंक आहे. बोलताना मात्र लोक सर्रास टक्केच म्हणतात. २००९ पासून लागू असलेल्या नियमावलीत शरीराच्या एकेका भागाचा तक्ता आहे. गुडघ्याखालून पाय गेला, पण उरलेला भाग आणि सांधे नीट काम देतात, तर ५०.

आन्नाचं नशीब बघा, बरोबर ५०! कारण ५० ला जर्मनीत दार उघडतं. त्या अंकापासून माणूस ‘गंभीर अपंगत्व असलेला’ गणला जातो आणि त्याला ओळखपत्र मिळतं. वर्षाला एक आठवडा जादा पगारी रजा, सरकारी कार्यालयाच्या परवानगीशिवाय नोकरीवरून काढता येत नाही, ठरावीक वर्षं भरली असतील तर कपात न होता दोन वर्षं आधी पेन्शन. शिवाय २० किंवा त्याहून जास्त जागा असलेल्या मालकाला ५ टक्के जागा अशा लोकांना द्याव्या लागतात, नाहीतर दंडासारखी रक्कम भरावी लागते. ४० वाल्याला यातलं जवळजवळ काहीच थेट मिळत नाही. बहुतेक वेळा अर्जदाराला कुणी तपासतही नाही. डॉक्टरांचे कागद मागवून फायलीवरच निकाल लागतो.

हा अवयवांचा तक्ता इतका बारकाईने का लिहिला गेला? कारण त्याचं मूळ युद्धात आहे. पहिल्या महायुद्धानंतर हात, पाय, डोळे गमावलेले लाखो सैनिक घरी परतले आणि १९२० च्या कायद्याने त्यांच्या भरपाईची व्यवस्था झाली. कुणाला किती द्यायचं हे ठरवायला गोळीने आणि बॉम्बने काय काय नेलं याची यादी लागली. पुढे शांततेच्या काळात त्याच चाकोरीतून सगळ्यांचं अपंगत्व मोजलं जाऊ लागलं. म्हणून तुटलेला अवयव तिथे पटकन मोजला जातो; सतत थकवा, चढउतार होणारं दुखणं, मनाचे आजार यांची मात्र ओढाताण होते.

आणखी एक गंमत. दोन व्यंगं असतील तर जर्मनीत आकड्यांची बेरीज करत नाहीत. पायाचे ३० आणि कानाचे २० मिळून ५० होत नाहीत; सगळ्यात मोठा आकडा धरायचा आणि बाकीच्यांमुळे जगणं खरोखर किती जास्त अडतं ते बघून तो वाढवायचा किंवा तसाच ठेवायचा. हे वाचताना मला माझी मावशी आठवली. तिच्या प्रमाणपत्राच्या वेळी एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने डॉक्टरांशी वाद घातला होता, ‘‘अहो, तीस आणि वीस पन्नास होतात, आम्हाला शाळेत हेच शिकवलंय.’’ डॉक्टरांनी शांतपणे कागदावर सूत्र मांडलं आणि ४३ वर बोट ठेवलं. आपल्याकडे मोठा आकडा तसाच धरतात आणि लहान आकड्याचा ठरावीक हिस्साच त्यात मिळवतात. जर्मनीत सूत्र नाही, अंदाज आहे. त्यामुळे वाद आणखी जास्त.

पण थांबा. जर्मनीतसुद्धा ही एकच पट्टी नाही. आन्नाला नोकरी करणं अशक्य झालं तर तो अर्ज दुसऱ्या कार्यालयात, पेन्शन विम्याकडे. तिथे कुणी ५० चा अंक विचारत नाही. तिथे तास मोजतात. कुठलंही काम दिवसाला तीन तासांपेक्षा कमी करता येत असेल तर पूर्ण पेन्शन, तीन ते सहा तास जमत असेल तर अर्धं. अंक १०० असलेला माणूस पूर्णवेळ नोकरी करत असतो आणि अंक ३० असलेला घरी बसून पेन्शन घेत असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर.

तिसरी पट्टी शुश्रूषा विम्याची, जो १९९५ साली सुरू झाला. म्हातारपणी किंवा आजारात अंघोळ, जेवण, उठबस यासाठी कुणीतरी लागतं, त्याचे पैसे या विम्यातून येतात. विम्याचा माणूस घरी येऊन बघतो. २०१६ अखेरपर्यंत तो मिनिटं मोजायचा: अंघोळीला किती, कपडे घालायला किती. ही पद्धत ज्यांनी रचली त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा अंथरुणाला खिळलेला माणूस असावा. कारण स्मृतिभ्रंश झालेले आजोबा स्वतःच्या हाताने शर्ट घालू शकतात, फक्त एकावर एक तीन घालतात आणि रात्री दोनला दार उघडून चालू लागतात. त्यांची मिनिटं भरतच नव्हती. आणि त्यांच्या बायकोची झोप कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. २०१७ पासून मिनिटं गेली आणि पाच श्रेण्या आल्या. माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो ते सहा विषयांत बघून गुण देतात. त्यात स्वतःची देखभाल या विषयाला ४० टक्के वजन, आणि समज व वागणूक यांनाही जागा. मोजण्याची पद्धत बदलली आणि एका रात्रीत असंख्य कुटुंबं मदतीला पात्र झाली. आजार तोच होता.

आता आन्नाला नेदरलँड्समध्ये नेऊ. तिथला नियम मला सगळ्यात चलाख वाटतो आणि सगळ्यात निर्दयही. माणूस आजारी पडला की पहिली दोन वर्षं मालकाने किमान ७० टक्के पगार द्यायचा. दोन वर्षांनी सरकारी विमा संस्थेकडे प्रकरण जातं. तिथला डॉक्टर फक्त एवढंच लिहितो की ही बाई किती वेळ उभी राहू शकते, किती वजन उचलू शकते, किती वेळ लक्ष देऊ शकते. मग रोजगारतज्ज्ञ संगणकाच्या यादीतून, तेवढ्यात बसतील अशी किमान तीन प्रकारची कामं शोधतो. ती कामं तिला मिळतील की नाही हा प्रश्नच नाही. देशात ती अस्तित्वात आहेत एवढं पुरे. त्या तीन कामांपैकी मधला पगार घ्यायचा, जुन्या पगाराशी ताडून बघायचा. जो फरक येईल तेच अपंगत्व. फरक ३५ टक्क्यांच्या खाली असेल तर या विम्यातून काही नाही.

आकड्यांत बघू, आकडे सोयीसाठी घेतलेत. आन्ना स्वयंपाकी म्हणून तासाला १६ युरो कमवत होती. आता उभं राहणं जमत नाही, पण बसून सुटे भाग जोडायचं काम जमेल, असं संगणक म्हणतो. त्याचा दर १५ युरो. फरक एका युरोचा, म्हणजे सहा टक्के. पाय गेला, धंदा गेला, पण अपंगत्व सहा टक्के. तिच्या शेजारच्या इंजिनियरला अर्धांगाचा झटका आला. तो तासाला ४० युरो कमवायचा, आता त्याला १६ युरोचंच काम जमेल. त्याचं नुकसान ६० टक्के, आणि तो पात्र. ज्याचा पगार मुळातच किमान वेतनाच्या जवळ, त्याला खाली पडायला जागाच नसते, म्हणून त्याचं नुकसानही कागदावर होत नाही. ही पट्टी पायाची नाही, पाकिटाची आहे.

डच लोक इतके कडक का झाले, त्याला इतिहास आहे. १९६७ पासून तिथे एक फार उदार अपंगत्व विमा होता. कारखाने बंद पडू लागले तेव्हा मालक आणि कामगार संघटना दोघांनाही तो सोयीचा पडला. बेकारीपेक्षा अपंगत्वाचे पैसे जास्त आणि जास्त काळ मिळायचे. १९९० पर्यंत लाभार्थी दहा लाखांच्या उंबरठ्यावर पोचले आणि पंतप्रधान रूड लुबर्स यांनी जाहीरपणे म्हटलं की नेदरलँड्स आजारी आहे. देश अर्थातच आजारी नव्हता. पट्टी सैल होती. ती आवळत आवळत २००६ साली आजचा कायदा आला.

ब्रिटन आता युरोपियन युनियनमध्ये नाही, पण तिथली पट्टी सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. इंग्लंडात २०१३ पासून गुणांची पद्धत आहे. जेवण बनवणं, अंघोळ, लोकांशी बोलणं, चालणं अशा रोजच्या गोष्टींना गुण. आठ गुणांना साधी मदत, बाराला वाढीव. चार माणसांचा स्वयंपाक येतो का हे विचारत नाहीत. एका माणसापुरता एक साधा पदार्थ ताज्या जिनसांतून करता येतो का, हे विचारतात. नेहमीची शेगडी वापरता येत नाही, पण मायक्रोवेव्हवर जमतं, तर दोन गुण.

खरी लढाई चालण्याच्या रकान्यात. वीस मीटरपेक्षा जास्त चालता येत नसेल तर बारा गुण. काठीच्या किंवा कृत्रिम पायाच्या आधाराने वीस ते पन्नास मीटर जमत असेल तर दहा. बारा मिळाले तर वाढीव रक्कम, आणि ती महिन्याला वळती करून गाडी घेता येते. दहा मिळाले तर गाडी नाही. वीस मीटर म्हणजे किती, हे आपल्याला समजावायला नको. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर असते. बॉलर एंडपासून बॅट्समनच्या स्टंपपर्यंत पोचलात की गाडी गेली! आधीच्या योजनेत ही रेघ पन्नास मीटरवर समजली जायची. ती वीसवर आणल्यामुळे अनेकांना आपल्या गाड्या परत कराव्या लागल्या.

नियमात एक दिलासा आहे. चालणं ‘भरवशाचं’ हवं: सुरक्षित, पुन्हा पुन्हा करता येण्यासारखं, वाजवी वेळात. आणि निम्म्याहून जास्त दिवस जी अवस्था असते ती धरायची. आन्नासारखीला हे कळीचं असतं. कृत्रिम पायाच्या आत कातडी सोलवटते, घामाने फोड येतात, काही दिवस पाय चढवताच येत नाही. तपासणीच्या दिवशी मात्र ती छान चालत आत येते, आणि बघणाऱ्याला तेवढंच दिसतं.

स्वीडनमध्ये असा सर्वसाधारण टक्का काढतच नाहीत. १ जानेवारी १९९४ पासून तिथे एक कायदा आहे, जो जगभरच्या अपंग चळवळीला हेवा वाटावा असा होता: ज्याला फार मोठी गरज आहे त्याला स्वतःचा मदतनीस, आणि तो कोण असावा, कधी यावा, हे ठरवणार तो अपंग माणूस स्वतः. आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त मूलभूत गरजा असतील तर खर्चाचा मोठा भार केंद्राच्या विमा संस्थेवर, नाहीतर नगरपालिकेवर. आन्नाला यातून बहुधा काही मिळणार नाही. तिला तशी गरजही नाही. पण ज्यांना आहे त्यांची गोष्ट बघा. २००९ च्या एका न्यायालयीन निकालानंतर मूलभूत गरजेचा अर्थ आवळला गेला. घास तोंडापर्यंत नेणं मोजायचं, ताट वाढणं नाही. पुन्हा मिनिटं आलीच. जर्मनी जी वाट पुढे सोडणार होता त्याच वाटेवर स्वीडन आला, याची मला मौज वाटते. पुढे श्वास घ्यायला आणि नळीने अन्न द्यायला लागणारी मदत पूर्ण मोजावी म्हणून कायदा पुन्हा दुरुस्त करावा लागला.

फ्रान्समध्ये ८० टक्के व त्यावर आणि ५० ते ७९ टक्के असे दोन पट्टे आहेत. २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात अपंगांसाठी एकच कार्यालय उभं केलं, सगळे अर्ज तिथेच. अपंग प्रौढांना मिळणारा भत्ता मात्र दीर्घकाळ नवऱ्याचं किंवा बायकोचं उत्पन्न धरून ठरत होता. म्हणजे अपंग बाईने लग्न केलं, नवऱ्याचा पगार बरा असला, की तिचा भत्ता कमी किंवा बंद. मग साध्या खरेदीलाही नवऱ्यापुढे हात पसरायचा. घरात मारहाण होत असेल तर बाहेर पडायला हाताशी पैसा नाही. बरीच वर्षं भांडल्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून जोडीदाराचं उत्पन्न धरणं बंद झालं. इटलीचं एकच सांगतो: तिथे गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या नोकरदार नातेवाइकाला महिन्याला तीन दिवस पगारी रजा मिळते, १९९२ च्या कायद्याने. काळजी घेणाऱ्याचंही काही मोजायचं असतं, हे तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं.

मग युरोपियन युनियन करते काय? बहुतेकांच्या नोटा एक, बाजार एक, आणि अपंगत्वाच्या पट्ट्या सत्तावीस? त्याचं कारण मूळ करारातच आहे. आरोग्यसेवा कशी चालवायची आणि सामाजिक विमा कसा बांधायचा, हा प्रत्येक देशाचा स्वतःचा अधिकार. युनियन फक्त सांधे जुळवते: एका देशातली विम्याची वर्षं दुसऱ्या देशात धरायची, प्रवासात आजारी पडलात तर तिथल्या दवाखान्यात तिथल्या लोकांच्याच दराने उपचार. अपंगत्वाच्या निकालाबद्दल नियमात चक्क एक परिशिष्ट आहे, कुठल्या देशाचा निकाल दुसऱ्याने जसाच्या तसा मानायचा याचं. त्यात बेल्जियम, फ्रान्स, इटली यांच्या काही योजना आहेत. बाकी सगळ्यांनी आपापला निकाल वेगळा लावायचा.

आता मला वाटतं तो सगळ्यात घोटाळ्याचा भाग. युरोपात अपंग माणसं किती? तुम्ही वाचलं असेल, दर चार प्रौढांमागे एक, सुमारे दहा कोटी. हा आकडा कुठल्याही प्रमाणपत्रावरून आलेला नाही. सगळ्या देशांत घरोघरी एक पाहणी होते आणि तिच्यात एक प्रश्न असतो. निदान गेले सहा महिने, तब्येतीच्या तक्रारीमुळे, लोक सहसा जी कामं करतात ती करायला तुम्हाला अडचण येते का: फार, थोडी, की नाही? ‘फार’ किंवा ‘थोडी’ म्हणणारा तो मोजला. आपली आन्ना, जिच्याकडे ५० चं ओळखपत्र आहे, ती ‘छे, मी सगळं करते’ म्हणाली तर या हिशोबात ती धडधाकट. आणि कंबरदुखीने बेजार झालेला तिचा शेजारी अपंग.

त्यातून विचित्र चित्र उभं राहतं. लाटव्हियात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं, माल्टा आणि बल्गेरियात एक पंचमांशाच्याही खाली. बल्गेरियातली माणसं सरासरी डेन्मार्कच्या माणसांपेक्षा बरीच वर्षं आधी मरतात, पण याच प्रश्नावरून काढलेली ‘निरोगी आयुष्याची वर्षं’ अनेकदा बल्गेरियाची जास्त भरतात. बल्गेरियाचं पाणी गोड म्हणून का? तसं नाही. ‘लोक सहसा जी कामं करतात’ म्हणजे काय, हे माणूस आपल्या आजूबाजूला बघून ठरवतो. आपली आजी गुडघे धरत धरत जिना चढते आणि विचारलं तर म्हणते, ‘‘मला काय झालंय? वय झालंय, एवढंच.’’ तिला हा प्रश्न विचारून बघा. शिवाय पाहणी घरांत होते. वृद्धाश्रमात, संस्थांत राहणारे तिच्यात येतच नाहीत. ज्या देशात जास्त लोक संस्थांत ठेवले जातात, त्या देशाची घरं आपोआप निरोगी दिसतात. आणि या आकड्यांवरून देशांचे क्रम लावून बातम्या होतात.

एक मात्र बदलतंय. गाडी लावायचं निळं कार्ड १९९८ पासून युरोपभर साधारण एकाच नमुन्याचं आहे. त्याच धर्तीवर युरोपियन अपंगत्व कार्डाचा प्रयोग २०१६ साली बेल्जियम, इटली, फिनलंड, रोमानिया अशा आठ देशांत सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा निर्देश मंजूर झाला. देशांनी ५ जून २०२७ पर्यंत आपापले कायदे करायचे आणि ५ जून २०२८ पासून कार्ड चालू. मोफत, खिशातलं आणि फोनमधलंही. ते दाखवलं की दुसऱ्या सदस्य देशात तिथल्या अपंगांना जी सवलत, रांगेतली जागा, सोबत्याचं तिकीट, मदतनीस कुत्र्याला प्रवेश मिळतो, तेच तुम्हालाही.

परदेशी नागरिकांसाठी सोबत वेगळा निर्देश काढला आहे. त्यामुळे श्टुटगार्ट किंवा आइंडहोवनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या मराठी माणसालाही हे कार्ड मिळू शकेल. पण ते देणार तो राहता तो देश, आणि त्याच्याच पट्टीने. महाराष्ट्रातून नेलेलं यूडीआयडी, म्हणजे आपलं सरकारी अपंगत्व ओळखपत्र, तिथे पुरावा म्हणून फाइलला लागेल, पण त्यावर कार्ड मिळणार नाही. ज्यांचा तिकडे जायचा विचार असेल त्यांनी आकडा लिहिलेला कागद नेण्यापेक्षा जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, डॉक्टरांची सविस्तर टिपणं बरोबर न्यावीत आणि त्यांची भाषांतरं करून घ्यावीत. तिथल्या कार्यालयाला आपला टक्का नको असतो, त्यामागचं काय ते हवं असतं.

आणि कार्डाची एक मर्यादा ठळक आहे. ते थोड्या काळाच्या मुक्कामासाठी, साधारण तीन महिन्यांपर्यंत. युनियनच्या विद्यार्थी अदलाबदलीसारख्या योजनेतून गेलात तर तेवढा काळ. भत्ते, पेन्शन, मदतनिसाचे तास यांना ते लागू नाही. म्हणजे २०२८ च्या उन्हाळ्यात आन्ना म्युनिकहून पॅरिसला जाईल, संग्रहालयाच्या दारात कार्ड दाखवेल आणि तिथली बाई तिला सवलतीच्या तिकिटावर आत सोडेल. पॅरिस आवडलं, एखाद्या हॉटेलात बसून करायचं काम मिळालं, घर भाड्याने घेतलं, की तिला त्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन कोरा फॉर्म घ्यावा लागेल. पहिल्या पानावर नाव, पत्ता, जन्मतारीख. मग डॉक्टरांचं प्रमाणपत्र, एक वर्षापेक्षा जुनं चालत नाही.